कोरियन शिकायचंय? आधी लिपी, मग फी



तुमसर तालुक्यात महिला बचत गटांचं एक प्रशिक्षण होतं. सत्र संपल्यावर एक ताई थांबल्या. गाव आंबागड, किल्ल्याच्या पायथ्याचं. घरच्या पुढच्या खोलीत छोटं पार्लर चालवतात. त्यांनी विचारलं, "सर, कोरियन भाषा शिकली तर काही फायदा होते का? एक माणूस गावात येऊन राहिला. म्हणते, भावाचे पंचवीस हजार भरा, ऑनलाइन कोरियन शिकवतो, अन् सहा महिन्यांत कोरियात फॅक्टरीत लावून देतो."

मी विचारलं, पैसे कुठून आणणार? ताई म्हणाल्या, "गटाचं कर्ज मंजूर झालं ना. पार्लरची खुर्ची घ्यायची होती, ती पुढच्या वर्षी घेऊ."

म्हणजे प्रश्न फक्त भाषेचा नव्हता. चालत्या धंद्याचं भांडवल एका आश्वासनावर लावायचं की नाही, हा होता. मी त्यांना एवढंच म्हटलं: "ताई, पैसे देऊ नका असं मी आज म्हणत नाही. दहा दिवस थांबा. या दहा दिवसांत फुकटात कोरियन लिपी शिका, तुम्ही आणि भाऊ दोघंही. अकराव्या दिवशी मला फोन करा, मग फीचं बोलू."

त्या दहा दिवसांत त्यांनी जे केलं, ते आज तुमच्यासाठी लिहितोय. वही आणि पेन घ्या. कोरियन अक्षरं मी इथे मुद्दाम छापलेली नाहीत. वर्णन वाचून ती तुमच्या हाताने काढायची आहेत. हाताने काढलेलं अक्षर विसरत नाही.

आधी हिशोब: कोरियन कशासाठी?

कोणतंही कौशल्य शिकताना आपण विचारतो, याचं गिऱ्हाईक कोण? कोरियनचं गिऱ्हाईक महाराष्ट्रात आहे. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. रायगडमध्ये माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पोस्कोचा पोलाद कारखाना आहे. छत्रपती संभाजीनगरला शेंद्रा इथे ह्योसंग कंपनी आहे. मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणारे, कॅन्टीनवाले, गाड्या लावणारे, खोल्या भाड्याने देणारे असे शेकडो छोटे व्यवसाय उभे राहतात. त्यात कोरियन साहेबाशी दोन वाक्यं नीट बोलणारा माणूस लक्षात राहतो.

पण हे सगळं आंबागडपासून शेकडो किलोमीटर लांब आहे. पुणं तर आठशेच्या आसपास. म्हणून घरी बसून शिकणाऱ्याने उद्दिष्टाचे तीन आकार ओळखावेत.

पहिला आकार, १० दिवस: लिपी वाचता येणं. कोरियन क्रीम, शाम्पू, नूडल्स विकणाऱ्या दुकानदाराला आणि पार्लरवालीला एवढ्यानेही उपयोग होतो. कसा, ते शेवटी सांगतो.

दुसरा आकार, ३ महिने: नमस्कार, आकडे, भाव, साधी वाक्यं. रोज ४० मिनिटं धरली तर ९० दिवसांत ६० तास होतात. कोरियन कंपनीच्या आसपास नोकरी किंवा पुरवठा करायचा असेल तर ही चांगली सुरुवात आहे. याने कुणी दुभाषी होत नाही.

तिसरा आकार, दीड-दोन वर्षं किंवा जास्त: भाषांतर, शिकवणी, दुभाष्याचं काम. इथे भाषेचे पैसे मिळतात, पण इथे यायला वेळ लागतो. "तीन महिन्यांत दुभाषी व्हा" असं कुणी म्हणत असेल, तर तो तुम्हाला भाषा नाही, स्वप्न विकतोय.

पाठ १: स्वर (दिवस १ ते ३)

कोरियन लिपीला हांगुल म्हणतात. सेजोंग राजाच्या काळात १४४३ मध्ये ती तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर केली गेली. त्याआधी कोरियात चिनी अक्षरांत लिहीत. ती शिकायला वर्षं लागत, म्हणून सामान्य माणूस निरक्षरच राहायचा. सामान्यांना सहज शिकता यावी याच हेतूने ही लिपी बनवली. आजही दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला हांगुल दिनाची सुट्टी असते.

मूळ अक्षरं फक्त २४ आहेत: १० स्वर आणि १४ व्यंजनं. स्वर रेघांचे बनतात. वहीत काढा:

- उभी रेघ: ई
- आडवी रेघ: ओठ न गोलावता, दात जवळ ठेवून काढलेला उ. हा मराठीत नाही, ऐकूनच बसवावा लागतो.
- उभ्या रेघेला मध्ये उजवीकडे छोटी काडी: आ
- उभ्या रेघेला डावीकडे काडी: ऑ (डॉक्टरमधला, पण ओठ थोडे सैल)
- आडव्या रेघेवर वर काडी: ओ
- आडव्या रेघेखाली काडी: ऊ

झाले सहा. आता जिथे एक काडी आहे तिथे दोन काड्या काढा, की सुरुवातीला 'य' लागतो: या, यॉ, यो, यू. झाले दहा.

शाळेतली संधी आठवते? महा अधिक ईश, महेश. आ आणि ई मिळून ए. हांगुलमध्ये आ ची रेघ आणि तिच्या उजवीकडे ई ची उभी रेघ काढली की 'ए' होतो. ऑ च्या शेजारी ई काढली तरी 'ए'च होतो. आजच्या बोलण्यात या दोघांत फरक फारसा ऐकू येत नाही.

पाठ २: व्यंजनं (दिवस ४ ते ६)

व्यंजनांचे मूळ आकार तोंडावरून घेतले आहेत. 'न' म्हणताना जिभेचं टोक वर जातं, 'म' म्हणताना ओठ मिटतात, तसे ते आकार.

- न: उभी रेघ खाली आणायची आणि तळाला उजवीकडे वळवायची
- क/ग: वर आडवी रेघ, उजव्या टोकाला खाली वळवायची
- म: चौकोन
- स: कौलारू घराचं उतरतं छप्पर
- शून्य: हे अक्षर ब्लॉकच्या सुरुवातीला मुकं असतं, खाली शेवटी आलं तर 'ङ' (रंग म्हणताना येतो तो)
- त/द: चौकोन, पण उजवीकडून उघडा
- प/ब: चौकोन, वरच्या दोन कोपऱ्यांना शिंगं, आणि वरची रेघ थोडी खाली सरकलेली
- च/ज: स च्या छपरावर आडवी रेघ
- र/ल: इंग्रजी २ चा आकडा चौकोनी वळणाने काढल्यासारखा
- ह: शून्यावर टोपी

ही दहा. उरलेली चार मराठी माणसाला फुकटात मिळतात. क च्या पोटात एक रेघ वाढवली की ख. त मध्ये एक रेघ वाढवली की थ. च वर एक टिकली वाढवली की छ. प चा फ करताना आकार थोडा बदलतो, दोन आडव्या रेघांच्या मध्ये दोन उभ्या. जास्त हवा सोडायची म्हणून जास्त रेघ, असा हिशोब. क आणि ख वेगळे आहेत हे आपल्याला पहिलीत कळलेलं असतं. इंग्रजी बोलणाऱ्याला तो फरक कानाने पकडायलाच बरेच दिवस जातात.

दोन ठिकाणी मात्र आपणही अडखळतो.

एक: 'क/ग' हे एकच अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला ते क कडे झुकतं, दोन स्वरांच्या मध्ये ग होतं. मटण-मांसाला कोरियनमध्ये 'कोगी' म्हणतात. ऐकायला क आणि ग, पण लिहिताना दोन्हीकडे अक्षर तेच. त/द, प/ब, च/ज यांचंही असंच. र/ल सुद्धा एकच अक्षर: दोन स्वरांच्या मध्ये र सारखं, शब्दाच्या शेवटी ल सारखं. आपल्या झाडीबोलीत ळ चा र होतो, तरी गावात कुणाचं काही अडत नाही. तसंच हे समजा.

दोन: तेच अक्षर शेजारी शेजारी दोनदा काढलं की आवाज दाबून येतो, 'पक्का' मधल्या क्क सारखा. हा फरक अर्थ बदलतो. 'स्साल' म्हणजे तांदूळ, आणि नुसतं 'साल' म्हणजे अंगावरचं मांस. धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाने हा शब्द तरी चुकू नये!

पाठ ३: अक्षरांची पेटी (दिवस ७ ते ९)

कोरियनमध्ये अक्षरं ओळीने सुटी लिहीत नाहीत. एका उच्चाराची अक्षरं एका चौकोनी पेटीत बसवतात. आपली बाराखडी जशी क ला काना देऊन 'का' करते, तसंच हे. नियम तीन:

१. स्वर उभा असेल तर व्यंजन डावीकडे, स्वर उजवीकडे.
२. स्वर आडवा असेल तर व्यंजन वर, स्वर खाली.
३. उच्चाराच्या शेवटी व्यंजन असेल तर ते सगळ्यांच्या खाली.

आणि नुसता स्वर लिहायचा असेल तर व्यंजनाच्या जागी शून्य ठेवायचं. पेटी रिकामी ठेवत नाहीत.

आता हाताने करा:

- न काढा, उजवीकडे आ ची रेघ. झालं 'ना'. शेजारी चौकोन काढा, त्याच्याखाली ऊ. झालं 'मू'. दोन्ही मिळून 'नामू', म्हणजे झाड.
- नुसत्या 'मू' चा अर्थ मुळा! हा निव्वळ योगायोग, पण लक्षात राहतो.
- क काढा, उजवीकडे उभी रेघ, दोघांच्या खाली चौकोन. 'किम'. कोरियातलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव.
- च/ज काढा, शेजारी ऑ ची रेघ आणि तिला चिकटून ई ची रेघ. 'जे'. पुन्हा च/ज, त्याखाली ओ. 'जो'. मिळून 'जेजो'.
- क शेजारी शेजारी दोनदा, उजवीकडे आ. 'क्का'. मग च/ज आणि उभी रेघ. 'जी'. मिळून 'क्काजी'.

शेवटचे दोन शब्द नीट गिरवा, पुढे त्यांचं काम आहे.

मग आपल्या गावाचं नाव लिहा. आंबागड चार पेट्यांत बसतं: आम-बा-गा-दु. कोरियनमध्ये ड नाही, म्हणून द. आणि शब्दाच्या शेवटी आपला ड तसाच टिकत नाही, म्हणून आडव्या रेघेचा स्वर जोडायचा. भंडारा सोपं आहे: बान-दा-रा.

दहाव्या दिवसाची परीक्षा

मोबाईलवर कोणत्याही कोरियन वस्तूचा फोटो शोधा. त्यावरचे दहा शब्द मोठ्याने वाचा. अर्थ कळला नाही तरी चालेल. मग गुगल ट्रान्सलेटला किंवा नेव्हर कंपनीच्या पापागो ॲपला ते शब्द बोलायला लावा आणि आपला उच्चार ताडून बघा. दहापैकी सात जमले तर पुढे जा. जमले नाहीत तर आणखी पाच दिवस घ्या. दहा दिवसांत वही उघडलीच गेली नसेल, तर पंचवीस हजारांचा क्लासही ती उघडून देणार नाही. हे उत्तर फुकटात मिळालं, हाही फायदाच समजा.

पुढचे तीन महिने: मराठी माणसाला सोपं काय, अवघड काय

सोपं पहिलं: वाक्यरचना. कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येतं. 'मी भात खातो' हे 'जॉनुन बाबुल मॉगॉयो' होतं. जॉ म्हणजे मी, बाप म्हणजे भात, शेवटी खातो. आपण जसे ला, ने, त असे प्रत्यय शब्दाला चिकटवतो, तसेच त्यांचे नुन, उल, ए हे प्रत्यय. 'भंडाऱ्याला जातो' म्हणजे 'बान्दारा-ए गायो'. शब्द जागच्या जागी बदलायचे, बस. आणि जातो, जाते, जातात या सगळ्यांना तेच एक 'गायो'. लिंगाची भानगडच नाही.

सोपं दुसरं: धान. उभ्या पिकाला आपण धान म्हणतो, कांडल्यावर तांदूळ, शिजल्यावर भात. इंग्रजीत बहुतेक वेळा 'राईस'वर भागवतात. कोरियनमध्ये आपल्यासारखेच तीन शब्द आहेत: ब्यॉ, स्साल, बाप. आणि तिथेही भेटल्यावर "जेवलात का?" असं विचारायची पद्धत आहे: 'बाप मॉगॉस्सॉयो?' भात खाल्लात का? भंडाऱ्याच्या माणसाला ही भाषा परकी वाटायचं कारण नाही.

अवघड पहिलं: मान. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे. त्यांच्याकडे क्रियापदाचा शेवट बदलतो. मित्राला बोलायची भाषा वेगळी, 'यो' ने संपणारी आदराची वेगळी, 'म्निदा' ने संपणारी औपचारिक त्याहून वेगळी. कोरियन मालिका पाहून शिकणारे इथे फसतात. मालिकेत दोन मैत्रिणी 'कोमावॉ' म्हणून आभार मानतात. तेच तुम्ही कंपनीच्या मॅनेजरला म्हणालात, तर पहिल्या भेटीत साहेबांना अरे-तुरे केल्यासारखं होईल. म्हणून सुरुवातीला नियम एकच: प्रत्येक वाक्य 'यो' किंवा 'म्निदा' वर संपवायचं.

समोरच्याला 'तुम्ही' म्हणायला शब्द शोधूच नका. हुद्द्याला 'निम' जोडा, जसं आपण गुरुजी, पाटीलसाहेब म्हणतो. मालकाला 'साजांग-निम', शिक्षकाला 'सॉन्सेंग-निम'.

अवघड दुसरं: आकडे. कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत. वस्तू मोजायला हाना, तुल, सेत, नेत, तासॉत. पैसे, तारीख, फोन नंबर यांना इल, इ, साम, सा, ओ. दोन्ही पाठ करावे लागतात, पळवाट नाही.

पैशात आणखी एक मेख आहे. आपण हजारानंतर लाखावर जातो. ते दहा हजाराला एक एकक धरतात, त्याला 'मान' म्हणतात. मग एक लाख म्हणजे दहा मान, 'सिम-मान'. दहा लाख म्हणजे शंभर मान, 'बेंग-मान'. एक कोटी म्हणजे हजार मान, 'छॉन-मान'. दहा कोटींना वेगळा शब्द, 'ऑक'. भाव ठरवताना एक शून्य इकडचं तिकडे झालं तर अख्खं मार्जिन जातं. म्हणून कोरियन माणसाशी रक्कम बोलताना ती नेहमी आकड्यात लिहून दाखवा, कितीही शिकलात तरी.

धंद्याची आठ वाक्यं

१. आन्यॉंग हासेयो: नमस्कार
२. काम्साहाम्निदा: धन्यवाद
३. इगॉ म्वॉयेयो?: हे काय आहे?
४. इगॉ ऑल्मायेयो?: हे केवढ्याला?
५. इस्सॉयो / ऑप्सॉयो: आहे / नाही
६. हान गे जुसेयो: एक नग द्या
७. चाम्कान्मान्यो: जरा थांबा
८. छॉन्छॉनी माल्सुमे जुसेयो: जरा हळू बोला

रोज दोन वाक्यं, ऐकून आणि म्हणून. देवनागरीत लिहिलेला उच्चार फक्त आधाराला आहे. लिपी आली की हा आधार सोडा.

ऑनलाइन कुठे शिकायचं

कोरिया सरकारच्या पाठबळाने चालणाऱ्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन धडे आहेत. कोर्सेरावर योनसेई विद्यापीठाचा 'फर्स्ट स्टेप कोरियन' हा नवशिक्यांचा कोर्स आहे. 'हाऊ टू स्टडी कोरियन' आणि 'टॉक टू मी इन कोरियन' ही संकेतस्थळं जगभरचे विद्यार्थी वापरतात. डुओलिंगो रोजच्या सरावाला ठीक, पण व्याकरण त्यावर सोडू नका. यातलं बहुतेक इंग्रजीतून आहे. इंग्रजी अडत असेल तर दोघा-तिघांचा गट करा. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी मराठीत वहीत उतरवायचं. एकच मुख्य कोर्स धरा आणि तो संपवा. पाच ॲप उतरवून पाचांचेही पहिले धडे करणारे मी खूप पाहिलेत.

एक महत्त्वाची सूचना. यूट्यूबवर शोधताना तुम्हाला नेपाळी शिक्षकांचे खूप कोरियन व्हिडिओ दिसतील. हिंदीशी जवळीक असल्याने ते समजतातही. पण त्यातले बरेच 'ईपीएस-टोपिक' या परीक्षेसाठी असतात. ही परीक्षा कोरियाच्या कामगार योजनेची आहे. ही योजना कोरियाने ठरावीक देशांशी सरकारी करार करून चालवली आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका त्यात आहेत. मी हे लिहितोय तेव्हा भारत त्यात नाही.

आता आंबागडच्या त्या माणसाचं बोलणं पुन्हा आठवा. "कोर्स करा, फॅक्टरीत लावून देतो." ज्या योजनेतून नेपाळचा मुलगा कोरियातल्या कारखान्यात जातो, ते दार आपल्या मुलांना उघडं नाही. कोरियात शिक्षणासाठी किंवा खास कौशल्याच्या नोकरीसाठी भारतीय जातात, पण त्या व्हिसांच्या अटी वेगळ्या, शिक्षणाच्या अटी कडक. तुम्हाला कुणी असं आश्वासन दिलं तर तीन प्रश्न विचारा. व्हिसाचा प्रकार कोणता? कंपनीचं नियुक्तीपत्र कुठे आहे? परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवायचा तुमचा परवाना क्रमांक काय? तो क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. उत्तर तोंडी मिळालं तर पैसेही तोंडीच द्यायचे!

भारतीय विद्यार्थ्यासाठी साधारणपणे कामाची परीक्षा 'टोपिक'. एकूण सहा पातळ्या. नवशिक्यांसाठी टोपिक-१: ऐकण्याचे ३० आणि वाचनाचे ४० प्रश्न, वेळ १०० मिनिटं, गुण २००. ८० गुणांना पहिली पातळी, १४० ला दुसरी. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून गरज जवळ आली की परीक्षा द्या. कुठल्याही क्लासच्या स्वतःच्या प्रमाणपत्रापेक्षा हा निकाल मोलाचा. फी भरण्याआधी क्लासवाल्याला विचारा, तुमचे स्वतःचे टोपिकचे गुण किती? चांगला शिक्षक हे आनंदाने सांगतो.

अकराव्या दिवशी काय झालं

ताईंचा फोन आला. भावाने सहा दिवस वही उघडली आणि सोडून दिली. ताईंनी दहाही दिवस केलं, रात्री पार्लर बंद झाल्यावर.

त्यांच्याकडे कोरियन क्रीमच्या पाच ट्यूब पडून होत्या. मागच्या बाजूला छापलेली तारीख उलटून गेली होती. एक्सपायरी झालेला माल दिला म्हणून घाऊक व्यापाऱ्याशी भांडणही झालं होतं. ट्यूब फेकायच्याच बाकी होत्या. बाहेरची खोकी, ज्यांवर आयातदाराचं इंग्रजी स्टिकर होतं, ती आधीच टाकून दिलेली.

नवव्या दिवशी ताईंनी सराव म्हणून ती ट्यूब हातात घेतली. तारखेच्या पुढे दोन पेट्या होत्या. वहीत गिरवलेल्याच. जे-जो. जेजो म्हणजे बनवल्याची तारीख. माल जुना झालेला नव्हताच, ती तारीख तयार झाल्याची होती. तारखेपुढे 'क्काजी' असतं तर अर्थ झाला असता 'पर्यंत', म्हणजे तेव्हा ती खरंच एक्सपायरी. शेजारी उघड्या डबीचं चित्र होतं आणि त्यात १२. उघडल्यावर १२ महिन्यांत संपवा, असा त्याचा अर्थ.

कोरियन सौंदर्यप्रसाधनं विकणाऱ्या प्रत्येकाने हे लिहून ठेवा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी असते. पुढचा शब्द वाचल्याशिवाय ती कशाची तारीख आहे ते ठरवू नका. आणि आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनाला भारतात सरकारी नोंदणी लागते. म्हणून आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल आणि पक्कं बिल असेल तरच माल घ्या, आणि ते लेबल माल संपेपर्यंत फेकू नका. कोरियन वाचता आलं तरी लेबलाची जागा ते घेत नाही.

ताईंनी व्यापाऱ्याला फोन करून चूक कबूल केली. पंचवीस हजार भरले नाहीत. गटाच्या कर्जातून पार्लरची खुर्ची आली. भाषेमुळे त्यांचा गल्ला वाढला, असं मी सांगणार नाही, अजून तरी वाढलेला नाही. पण त्या शिकतायत, सध्या आकड्यांच्या दुसऱ्या संचावर अडल्या आहेत. आता तुमसरच्या बाजारात कोरियन माल घेताना त्या ट्यूब उलटी करून आधी मागची ओळ वाचतात.

तुमचा गृहपाठ

१. आजच एका कागदावर लिहा: मला कोरियन कशासाठी हवी? १० दिवसांचा आकार, ३ महिन्यांचा, की २ वर्षांचा?
२. रोजची ४० मिनिटं ठरवा. वेळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
३. दहाव्या दिवशी गावाचं नाव हांगुलमध्ये लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा.
४. त्याआधी कुणालाही एक रुपया देऊ नका.

लिपी आली की मग फीचा विचार करू. शिकत राहा, हिशोब ठेवत राहा. भेटू पुढच्या पाठात.